धोंडूतात्यांच्या लोटीचा डाख

डाखाच्या एका वेढ्यावर मी एका माणसाचं मरण अकरा वर्षं अडवून धरलं होतं, आणि हे ऐकून आजवर एकाही माणसाने मान डोलावलेली नाही. दामू गुरवानेही डोलावली नाही. देवळातली मोडकी समई मांडीवर घेऊन तो आमच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि म्हणाला, "नाना, गेल्या खेपेला तुम्ही घंगाळात बसून गोदावरीचा पूर ओलांडला होता. हे त्याच्यापेक्षा मोठं की लहान?"

"त्याच्यापेक्षा खरं," मी म्हणालो.

समईचा दांडा मधोमध निखळला होता. दामूचं म्हणणं, कथलाचा एक ठिपका मारून द्या, गाभाऱ्यातल्या अंधारात कोण बघायला येतंय. पण दुकान आता शालन चालवते. ही माझ्या पुतण्याची बायको. पुतण्या मनमाडला रेल्वेत आहे, त्याच्या हाताला हातोडा कधी बसला नाही. हिच्या हाताला असा बसला की जन्मतःच घेऊन आली असावी. तिने समई फिरवून पाहिली आणि कथील चालणार नाही, झाळ लागेल, असं सांगून भात्याशी जाऊन बसली. दामूने फरक विचारला तेव्हा तिने न बोलता माझ्याकडे बोट केलं. करायचं काम तिचं, सांगायचं माझं, अशी आमची वाटणी आहे.

फरक सोपा आहे. कथलाचा डाख थोड्या आचेवर वितळतो, पटकन बसतो, आणि सांधा कधी सोडवायचा झाला तर टोकदार काही घेऊन उचकटता येतो. झाळीत पितळ असतं, जस्त असतं, श्रीमंताचं भांडं असेल तर रुपं, म्हणजे चांदी असते. तिच्यासाठी भांडं लालबुंद व्हावं लागतं. एकदा बसली की भांडं फुटेल, सांधा सुटणार नाही. माझे गुरू धोंडूतात्या कधी धातू बघून डाख ठरवत नसत. गिऱ्हाइकाला ते पहिला प्रश्न विचारायचे, हे पुन्हा उघडायचंय का? उघडायचं असेल तर कथील. नसेल तर झाळ.

"आणि मरण अडवलं ते याच धोंडूतात्यांचं," मी दामूला सांगितलं. "बस नीट. समई व्हायला वेळ आहे."

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. आमच्या चांदवडच्या तांबट आळीत त्या काळी उजाडल्यापासून इतके हातोडे चालत, की दोघं भांडले तरी एकमेकांना शिव्या ऐकू जात नसत. त्यामुळे आळीत भांडण असं टिकायचंच नाही. त्या गलक्यात धोंडूतात्यांचं दुकान, त्यामागे त्यांचं दोन खणांचं घर, आणि घरात त्यांची एकुलती मुलगी सगुणा. तिला मनमाडला दिली होती. नवरा दुसऱ्या वर्षी विषमज्वराने गेला आणि ती बापाकडे परत आली. मी दुकानात कामाला लागलो त्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी आली, आणि मी आपली रीत म्हणून म्हणालो, "ठेवा ताई."

त्या एका शब्दाने माझं व्हायचं ते नुकसान झालं. नंतर तो परत कसा घ्यायचा याचा मी चार वर्षं विचार केला. माणसं उधार दिलेली परात परत मागतात, पण ताई म्हटलेलं कसं परत मागायचं?

त्या वर्षी पौषात तात्या काशीला जाऊन आले. येताना सगळे आणतात तशी गंगा त्यांनीही आणली, पण औषधाच्या बाटलीत आणली. काशीत गंगेची लोटी डाख मारून बंद करून मिळते. तात्यांनी तिथल्या चार दुकानांत फिरून चौघांचेही डाख बघितले आणि चौघांनाही नावं ठेवली. स्वतःच्या हाताने लोटी घडवीन, स्वतःच्या दुकानात बंद करीन, मगच मरीन, असं ठरवून ते परत आले. लोटी घडवलीही. आवळ्याएवढी नव्हे, चांगली पेरूएवढी, आणि अंगावर ठोक्यांची अशी दाट जाळी की उन्हात धरली तर हातात मासा धरल्यासारखं वाटे. पण ती घडवता घडवता त्यांच्या छातीतला दम संपला. वैद्याने हात धरून पाहिला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, शिमग्यापर्यंत.

लोटी उघडायची कधी, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस अखेरच्या घटकेला आला की अडकित्त्याच्या टोकाने डाख उचकटायचा, तुळशीच्या पानावरून गंगा तोंडात सोडायची, माणूस सुटतो. तात्यांनी तर सगळ्या आळीला बजावून ठेवलं होतं, की गंगा तोंडात पडल्याशिवाय मी जाणार नाही आणि पडल्यावर क्षणभर थांबणार नाही. हट्टी माणूस. त्यांनी म्हटलं म्हणजे तसंच होणार, यात कुणाला शंका नव्हती.

शंका नव्हती म्हणूनच इंदूरहून सगुणेच्या मामाचं कार्ड आलं. तात्यांच्या मागे पोरीला एकटीला तिथं ठेवायची नाही, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी येऊन घेऊन जाईन. मामाच्या घरात चौदा माणसं होती आणि स्वयंपाकघराच्या मागे एक खोली रिकामी होती. कार्ड तात्यांनी मला वाचायला लावलं, कारण त्यांचा चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी वाचलं.

मग तात्या म्हणाले, "रंगनाथ, दुकान तुला दिलं. आणखी काही हवंय?"

मी म्हणालो, "मोठी ऐरण दिलीत तर बरं होईल."

तात्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ऐरण दुकानातच आहे, गाढवा. दुकानात नसलेलं काही माग."

मी फार विचार केला. कपाळाला घाम आला. मग मी लांब दांड्याची सांडशी मागितली. ती शेजाऱ्याकडे उसनी गेलेली होती.

दामू हसत सुटला. हसू दे. तेव्हा तात्याही हसले होते, पण तोंड भिंतीकडे करून.

लोटी बंद करायचं काम माझ्याकडे आलं, कारण तात्यांचा हात कापत होता. डाख निव्वळ कथलाचा हवा, शिशाचा कण नको, मरताना तोंडात शिसं घेऊन मी काय पाप केलंय, असं त्यांनी तीनदा सांगितलं. कथलाची कांडी स्वतःच्या कानाशी नेऊन वाकवून बघितली. निव्वळ कथील वाकवलं की आतून करकरतं, शिसं मिसळलेलं गप्प बसतं. ही कांडी चांगली करकरली. ती माझ्या हातात देऊन तात्या निजले.

दुपारची वेळ होती. आळी जेवायला गेलेली, म्हणून हातोडे थांबलेले. सगुणा आतून आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. चार वर्षांत ती उंबऱ्याच्या अलीकडे कधी आली नव्हती. त्या दिवशी आली, आणि माझ्यासमोर, निखाऱ्याच्या पलीकडे बसली.

"कुठला डाख लावणार?" तिने विचारलं.

"तात्या कथील म्हणालेत."

"तात्यांचं नाही विचारलं. तुम्ही कुठला लावाल?"

मी लोटीचं तोंड राखेने घासत होतो. ते स्वच्छ झालं होतं, तरी घासत राहिलो. म्हणालो, "लोटी उघडायलाच असते, ताई. कथीलच लावतात."

"ती उघडली की चौदाव्या दिवशी मला इंदूरला जायचंय."

"हो. कार्ड मीच वाचलं."

तिने पदराची गाठ सोडली आणि दोन जोडवी काढून ऐरणीवर ठेवली. तिची लग्नातली. नवरा गेल्यावर पायातून काढलेली, पाच वर्षं कुठल्यातरी डब्यात पडून काळी झालेली.

"झाळीला रुपं लागतं ना?" ती म्हणाली. "हे चालेल?"

आता आपण सगळे शहाणे आहोत. या पायरीवर बसून कुणालाही कळेल की ती काय विचारत होती. मला कळलं नाही असंही नाही. माझ्या छातीत आळीतले सगळे हातोडे एकदम सुरू झाले. पण तोंडातून काय बाहेर पडलं सांगू? मी म्हणालो, तांब्याच्या भांड्याला रुपं तीन वाटे आणि पितळ एक वाटा धरतात. मऊ हवी असेल तर दोनास एक. पितळ जास्त झालं तर झाळ पिवळी दिसते, कमी झालं तर आच फार लागते. टाकणखार पाण्यात घासून त्याचा लेप द्यायचा, नाहीतर झाळ पसरत नाही, गोळा होऊन बसते. हे सगळं मी तिला सांगितलं. जस्ताचं तर वेगळं सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली, उंबऱ्याशी गेली, आणि मागे न बघता म्हणाली, "तुम्हाला धातूंचं फार कळतं."

दामूचं हसू मावळलं होतं. शालनचा भाता एका लयीत चालला होता. ती समईवर टाकणखाराचा लेप देत होती, तिचं लक्ष आहे की नाही कळत नव्हतं.

"मग?" दामू म्हणाला. "कथील लावलं?"

"इथूनच लोक विश्वास ठेवायचं सोडतात," मी म्हणालो, आणि सांगितलं की मी ती जोडवी उचलली. मुशीत घातली. तीन वाटे रुपं, एक वाटा पितळ. कथलाची कांडी आढ्यावर फेकली, आणि धोंडूतात्यांच्या लोटीच्या गळ्याभोवती रुप्याच्या झाळीचा वेढा दिला. वरून राख फासली, म्हणजे कथलासारखी मळकट दिसावी. संध्याकाळी तात्यांनी ती बोटाने चाचपली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली.

शिमग्याला वैद्याच्या शब्दाप्रमाणे तात्यांना भुईवर घेतलं. आळी जमली. तार मिळून मामा इंदूरहून आला. तात्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं. मामाने अडकित्त्याचं टोक लोटीच्या गळ्याशी लावून जोर केला आणि टोक तुटून कुणाच्यातरी पागोट्यात जाऊन रुतलं. दुसरा अडकित्ता आणला, त्याची पाती फाकली. वैद्याने कानस मागवली. घासता घासता ती आरशासारखी गुळगुळीत झाली आणि वैद्याने तिच्यात बघून मिशी सारखी केली. तात्यांनी एक डोळा उघडला.

"उघडली का?"

नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग मी तोंड किती वेळ उघडं ठेवू? माश्या जातायत. चहा टाक, सगुणे."

उठून बसले. मामाला काय करावं कळेना. तेरावाच नाही तर तेराव्याचा दुसरा दिवस कुठून आणणार? चहा पिऊन रात्रीच्या आत मनमाड गाठलं त्याने.

"आणि यमाचा दूत?" दामूने विचारलं. दामूला असलं लागतं.

तो ओट्यावर बसला होता, मी सांगितलं. आळीतल्या ठोक्यांनी त्याचं डोकं उठलं. वर जाऊन काय सांगायचं म्हणून मला विचारायला आला होता. सांग, डाख पक्का आहे म्हणून, असं मी म्हणालो. तोही मामाच्याच एसटीने गेला.

चौथ्या वर्षी तात्या पुन्हा भुईवर आले. या वेळी धोडंब्याचा लोहार बोलावला. त्याच्या घणाचा दांडा मोडला आणि लोटीला पोचादेखील आला नाही. आठव्या वर्षी मामाने इंदूरच्या कुठल्याशा कारखान्यातला मिस्त्री करवतीसह आणला. तीन पाती गेल्यावर मिस्त्री मला बाजूला घेऊन वाट्यांचं प्रमाण विचारायला लागला. मी सांगितलं नाही. त्यानंतर मामाने येणं सोडलं, दिवाळीला कार्ड तेवढं टाकायचा. तात्या दर शिमग्याला लोटी कानाशी हलवून पाणी डुचमळतं का बघायचे, आणि पुढच्या वर्षीचं तांबं घेऊन ठेवायला सांगायचे.

इथपर्यंत सगळे हसतात. दामूही हसत होता. याच्या पुढचं मी सहसा सांगत नाही, कारण पुढं काही घडतच नाही. त्या दिवशी का सांगितलं कोण जाणे. शालनने लावलेल्या आचेची ऊब पायांना लागत होती म्हणून असेल.

दुसऱ्या वर्षापासून सगुणा उंबऱ्याच्या अलीकडे बसायला लागली. तांदूळ निवडायची. हातोड्यामुळे बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून बोलायची नाही. मी घाव थांबवला की बोलायची, आणि मी त्या वर्षांत फार घाव थांबवले. तिसऱ्या वर्षी मी ताई म्हणायचं बंद केलं. त्याच्या जागी काही म्हणायला लागलो असं नाही. हाक न मारताच वाक्य सुरू करायचो, आणि तिला ते कळलं, कारण पहिल्यांदा तसं बोललो तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं. पाचव्या वर्षी रेणुकेच्या यात्रेत इतकी गर्दी होती की देवळाबाहेर चप्पल ठेवायला जागा नव्हती. तिने आपल्या चपला माझ्या हातात दिल्या आणि आत गेली. तास लागला तिला. मी त्या चपला छातीशी धरून उभा होतो आणि ओळखीच्या लोकांना नमस्कार करता येत नव्हता, म्हणून लोक माझ्यावर रागावून गेले. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

सातव्या वर्षी तिला चष्मा लागला. नवव्या वर्षी एकदा ती मोठ्याने हसली, तात्यांनी कशावरून तरी वैद्याला शिवी दिली तेव्हा, आणि हसून झाल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मीही हसतोय का ते. दहाव्या वर्षी तिच्या डाव्या कानावर एक पांढरी बट आली. दिसते का, असं तिने मला विचारलं. मी नाही म्हणालो. खोटं बोलतोय हे तिला कळलं आणि ती दिवसभर खूश होती. अकराव्या वर्षी एकदा दुपारी, आळी जेवायला गेली असताना, तिने मला एकेरीत हाक मारली. नुसतं, रंगनाथ, जेवून घे. एवढंच. मी जेवून घेतलं.

दामू गुरवाच्या दाढेखालची तंबाखू विरून गेली असावी, तरी तो थुंकायला उठला नाही. मग हळूच म्हणाला, "आणि नंतर? तात्या गेले?"

"अकराव्या वर्षी," मी सुरुवात केली.

"नाना," शालन म्हणाली.

भाता थांबला होता. तो कधी थांबला हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"झाळ बसायला तांबं लाल व्हायला हवं," ती म्हणाली. "लोटीत पाणी होतं. पोटात पाणी असलेल्या भांड्याखाली दिवसभर भाता ओढला तरी पाणी आच खात राहतं, तांबं लाल होत नाही."

दामूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रिकामी असतानाच झाळली," मी म्हणालो. "बुडाशी टाचणीएवढं भोक ठेवलं. पाणी मागून भरलं, त्या भोकातून."

"आणि भोक कशानं बुजवलंत?"

मी समईकडे बघितलं. तिचा सांधा अजून लाल होता.

"तेव्हा तर पाणी आत होतं, नाना. म्हणजे कथलानंच बुजवलंत. दुसरं काही तिथं बसतच नाही. आणि कथील अडकित्त्याच्या टोकानं निघतं." तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. गिऱ्हाइकाला परत द्यायच्या आधी भांडं उजेडात धरून कुठं गळतंय का बघतात, तशी ती बोलत होती. "लोटी पहिल्याच शिमग्याला उघडली. तात्या त्याच दिवशी गेले. आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामा येऊन सगुणाबाईंना घेऊन गेला."

दामू म्हणाला, "अगं, जाऊ दे की शालन."

ती माझ्यासमोर येऊन बसली.

"मग ती अकरा वर्षं कुठून आणलीत, नाना?"